मंडळ ते महावितरण: वडनेर परिसरातील लाइनमनच्या कामाचा मागोवा

मोठ्या ऊर्जा कंपनीतील नोकरीचा विचार सहसा तिच्या मुख्यालयापासून किंवा वीजनिर्मिती केंद्रांपासून सुरू होतो. परंतु महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी, म्हणजेच महावितरण, हिच्या बाबतीत तो विचार वडनेरसारख्या गावापासून करणे अधिक योग्य ठरते. वडनेर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील, नागपूर–हैदराबाद महामार्गावरील गाव असून त्याच्या भोवतीचा प्रदेश कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणाऱ्या काळ्या जमिनीचा आहे. मुंबईच्या वांद्रे येथील ‘प्रकाशगड’ या मुख्यालयात ठरलेले प्रत्येक धोरण परिमंडळ, मंडळ, विभाग आणि उपविभाग अशा पायऱ्या उतरत शेवटी अशाच गावांतील शाखा कार्यालयांत पोहोचते, आणि तेथे ते प्रत्यक्षात आणण्याचे काम मोजक्या माणसांच्या हातांवर येऊन पडते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी, १९४८ च्या विद्युत पुरवठा कायद्याखाली झाली. त्यापूर्वीच्या काही वर्षांतच विदर्भ आधी मध्य प्रदेशात व १९५६ नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात राहिलेला असल्याने नव्या मंडळाला येथे खेडोपाडी वीज नेण्याचे बहुतांश काम पुढेच करावयाचे होते. त्या काळातील नोकरी ही मुख्यतः उभारणीची नोकरी होती: खड्डे खोदणे, खांब उभे करणे, तारा ओढणे आणि रोहित्र, म्हणजे उच्च दाबाची वीज घरगुती व शेतीच्या वापराच्या दाबावर आणणारे यंत्र, चौथऱ्यावर चढवणे. हेल्पर म्हणून भरती झालेला तरुण अनुभवी लाइनमनच्या हाताखाली काम शिके, पुढे असिस्टंट लाइनमन व लाइनमन होई, आणि निवृत्तीपर्यंत लाइन इन्स्पेक्टरच्या पदापर्यंत पोहोचण्याची आशा बाळगू शके. कोराडीचे केंद्र १९७४ मध्ये आणि चंद्रपूरचे १९८३ मध्ये सुरू झाल्यानंतर विदर्भाच्या कोळशावर तयार होणारी वीज अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांवरून राज्याच्या पश्चिम भागाकडे जाऊ लागली, तरी त्या केंद्रांपासून फार दूर नसलेल्या गावांतील शेतपंपांना जोडणीसाठी वाट पाहावी लागत असे. या विसंगतीबद्दलचा गावकऱ्यांचा रोष ऐकून घेणारा पहिला माणूस लाइनमनच होता. कामगार संघटनांची बांधणी याच काळात भक्कम झाली आणि नागपूर हे तिचे एक महत्त्वाचे केंद्र राहिले. १९५७ मध्ये नागपुरातून विधानसभेवर निवडून गेलेले अर्धेंदु भूषण बर्धन हे वीज कामगारांतही काम करणारे नेते होते.

उभारणीनंतर उरले ते देखभालीचे काम, आणि या नोकरीचे खरे स्वरूप त्यातच दिसते. उपकेंद्रातून निघणारी ११ हजार व्होल्टची वाहिनी, जिला सर्वजण ‘फीडर’ म्हणतात, अनेक किलोमीटर शेतांतून जाते, आणि ती बंद पडली की दोष नेमका कोठे आहे हे पुष्कळदा वाहिनीखालून चालत जाऊनच शोधावे लागते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून मऊ पडते, त्यामुळे खांब झुकतात, तारा सैल होतात व वाऱ्यात एकमेकींना घासतात. वैशाखाच्या उन्हात तापलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर, म्हणजे तार आणि खांब यांना विद्युतदृष्ट्या विलग ठेवणाऱ्या भागावर, पहिल्या पावसाचे थेंब पडले की तो तडकतो. ही तड खालून सहसा दिसत नाही, म्हणून मृगाच्या पहिल्या रात्री वीज गेली तर ती परत येण्यास लागणारा वेळ हा निष्काळजीपणाचा नसून शोधाचा असतो, हे ग्राहकांना क्वचितच सांगितले गेले. रब्बीच्या हंगामात अडचण वेगळी असते: बहुतेक पंपांना ‘ऑटो स्विच’ बसवलेले असल्याने पुरवठा सुरू होताच सर्व पंप एकाच क्षणी चालू होतात, रोहित्रावर म्हणजे गावाच्या भाषेत ‘डीपी’वर एकदम भार येतो, ‘डीओ’ हा संरक्षक फ्यूज उडतो, आणि तसे वारंवार होत राहिल्यास रोहित्रच जळते. मग गव्हाला किंवा हरभऱ्याला पाणी हवे असताना दुसरे रोहित्र येईपर्यंतचे दिवस शेतकरी आणि कर्मचारी या दोघांनाही जड जातात.

या कामाचा प्राण ज्यावर अवलंबून असतो ती पद्धत ‘परमिट’ या नावाने ओळखली जाते. उपकेंद्रातील यंत्रचालक वाहिनी बंद करून तशी नोंद करतो आणि काम करणाऱ्यास अनुमती देतो. काम संपल्यावर ती अनुमती परत केल्याशिवाय वाहिनी पुन्हा सुरू करावयाची नसते. तरीही बंद वाहिनीत शेजारच्या वाहिनीमुळे किंवा एखाद्या ग्राहकाच्या जनित्रामुळे उलट प्रवाह येऊ शकतो, म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तारा जमिनीशी जोडणे अनिवार्य आहे. नियम स्पष्ट आहेत. ते मोडले जातात तेव्हा कारण बहुधा अज्ञान नसते, तर एकाच माणसाकडे असलेली अनेक गावे, अंधार आणि सतत वाजणारा फोन ही असतात. अपघाताच्या नोंदीत ‘कर्मचाऱ्याची चूक’ असे लिहून मोकळे होणे, म्हणूनच, अन्याय्य आहे.

केंद्राच्या २००३ च्या विद्युत कायद्यानुसार ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांसाठी तीन कंपन्या व त्यांच्यावर एक सूत्रधारी कंपनी अस्तित्वात आली. नेमक्या याच सुमारास राज्यात विजेची तीव्र टंचाई होती आणि ग्रामीण भागात दिवसाचे बारा तास किंवा त्याहूनही अधिक भारनियमन होत होते. टंचाई निर्मितीची होती, तिची कारणे धोरणात आणि करारांत होती. परंतु तिचा चेहरा वितरणाच्या कर्मचाऱ्याचा झाला. शाखा कार्यालयांवरील मोर्चे आणि कर्मचाऱ्यांशी झालेली झटापट यांच्या बातम्या त्या वर्षांत नित्याच्या झाल्या होत्या. पुढे गावठाण आणि शेती यांचे फीडर वेगळे करण्यात आले, भारनियमन हळूहळू कमी झाले, आणि नंतर ते मुख्यतः वीजहानी व थकबाकी जास्त असलेल्या वाहिन्यांपुरते उरले.

त्यातूनच कामाचे दुसरे, अधिक खोल स्थित्यंतर घडले. हानी आणि वसुली हे कंपनीच्या यशाचे मुख्य मापदंड ठरल्यामुळे खांबावर चढणाऱ्या माणसाकडे थकबाकीदारांची यादीही आली. ज्या घरी त्याने वीज जोडली, तेथेच ती तोडण्यासाठी त्याला जावे लागले, आणि दुष्काळी किंवा बोंडअळीच्या वर्षी कापसाचे पैसे हाती न आलेल्या शेतकऱ्यासमोर उभे राहणे हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले जात नाही. भरतीचे स्वरूपही बदलले. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री झालेले तरुण-तरुणी ‘विद्युत सहायक’ म्हणून तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करून मगच तंत्रज्ञ होतात. मुलींनीही खांबावर चढण्याचे काम स्वीकारले, ही या काळातील निखळ आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या बरोबरीने, एजन्सीमार्फत आलेले कंत्राटी कामगार तेच काम, तीच जोखीम पत्करून, कमी वेतनात आणि कायमपदाच्या हमीविना करतात. खासगीकरणाच्या विरोधात तिन्ही कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये बहात्तर तासांचा संप पुकारला आणि शासनाशी चर्चा झाल्यावर तो पहिल्याच दिवशी मागे घेतला गेला. परंतु कंत्राटी कामगारांचा प्रश्न त्या चर्चेने संपला नाही.

शेतीला आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री वीज देण्याच्या पद्धतीमुळे शेतकऱ्याबरोबर लाइनमनचीही रात्र कामात जात आली आहे. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, जिच्यात उपकेंद्रांजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर दिवसा चालवावयाचे आहेत, ती पूर्णत्वास गेल्यास ही रात्रपाळी पुष्कळ अंशी टळेल. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतपंपांना मोफत वीज मिळू लागल्याने शेतावरील वसुलीचा ताणही सैल झाला आहे. मात्र या दोन्ही योजनांनी पहिल्या पावसात तडकणारा इन्सुलेटर बदलणाऱ्या माणसांची संख्या वाढत नाही, आणि रिक्त पदे कायमस्वरूपी भरण्याची मागणी संघटनांच्या प्रत्येक निवेदनात आजही असते.