केशप्रक्षालनाची घरगुती द्रव्ये आणि केसांची प्रकृती

मराठीत 'अंघोळ' आणि 'न्हाणे' हे शब्द सर्वस्वी समानार्थी नाहीत. अंघोळ ही नित्याची. न्हाणे म्हणजे डोक्यावरून केलेले, केस धुण्याचे स्नान. न्हाण्याचा वार ठरलेला असे आणि त्याची तयारी आदल्या रात्रीपासून सुरू होई. शिकेकाई भिजत घालावयाची, डोक्यास तेल चोळावयाचे आणि सकाळी काढा उकळून, गाळून घ्यावयाचा, असा तो क्रम होता. पुढे बाटलीतील शांपूने या क्रमाची जागा घेतली. अलीकडे मात्र घरगुती द्रव्यांकडे पुन्हा ओढा दिसतो आणि त्याबरोबर दोन टोकाची मतेही ऐकू येतात. एका मताप्रमाणे जे वनस्पतिजन्य ते निर्धोकच असते; दुसऱ्या मताप्रमाणे ही सारी जुनी समजूत असून तिला शास्त्राचा आधार नाही. यांपैकी कोणतेही मत या द्रव्यांच्या गुणधर्मांचा विचार करून बनलेले नाही. तो विचार केला असता असे दिसून येते की, घरगुती केशप्रक्षालनाची पद्धत रासायनिकदृष्ट्या सुसंगत आहे. परंतु ती एकच एक ठराविक पाककृती नव्हे. केसांची प्रकृती, पाणी आणि तेल या तिन्हींशी मेळ घालूनच तिची योजना करावी लागते.

'शांपू' हा शब्दही मूळचा भारतीयच होय. हिंदीतील 'चाँपना', म्हणजे दाबणे किंवा मळणे, या क्रियापदापासून तो इंग्रजीत गेला. 'चंपी' हा शब्दही त्याच कुळातील आहे. पाटण्यास १७५९ साली जन्मलेल्या दीन महंमद यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे औषधी बाष्पस्नान व मर्दन यांचा व्यवसाय नावारूपास आणला आणि १८२२ साली त्या विषयावर पुस्तकही प्रसिद्ध केले. त्या काळी शांपू म्हणजे मर्दन असाच अर्थ होता. केस धुणे हा अर्थ नंतर रूढ झाला. कृत्रिम प्रक्षालकापासून बनविलेला 'ड्रीन' हा शांपू अमेरिकेत १९३४ साली बाजारात आला आणि साबणाविना केस धुण्याचे नवे युग सुरू झाले असे पाश्चात्त्य देशांत मानले गेले. भारतात मात्र साबणाविना केस धुणे ही नवलाची गोष्ट कधीच नव्हती.

केस आणि त्यावरील मळ

केस हा केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या पृष्ठभागावर कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या सूक्ष्म खवल्यांचे आवरण असते. ही खवली मिटलेली असली म्हणजे केस गुळगुळीत व चकचकीत दिसतो. ती उचलली गेली म्हणजे केस एकमेकांत अडकतात, राठ लागतात व विंचरताना तुटतात. टाळूतील तैलग्रंथींमधून सीबम हा स्निग्ध स्राव पाझरतो. केसावरील मळ म्हणजे मुख्यतः हा स्राव, त्यात अडकलेली धूळ, घाम, मृत त्वचेचे कण आणि वरून लावलेले तेल होय. सीबम पूर्णपणे काढून टाकणे हे प्रक्षालनाचे उद्दिष्ट नव्हे. त्याचा पातळ थर केसांवर राहणेच इष्ट असते.

केस मूळ धरून वाढतो, टोकाकडून नव्हे, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. डोक्यावरील केस महिन्यास सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटिमीटर लांबीच्या केसाचे टोक सुमारे ५ वर्षांचे असते. आठवड्यातून एकदा केस धुतले तरी त्या टोकाची अडीचशेहून अधिक प्रक्षालने झालेली असतात. यास्तव एकाच व्यक्तीची टाळू तेलकट आणि केसांची टोके कोरडी असणे यात विसंगती नाही.

साबणाची अडचण

साबण हा मेदाम्लांचा क्षार असून त्याच्या द्रावणाचा पीएच साधारणतः ९ ते १० असतो. निरोगी टाळूचा पीएच ५.५ च्या आसपास, तर केसाच्या दांड्याचा त्याहूनही कमी, सुमारे ३.७ असतो. द्रावण अल्कधर्मी असले म्हणजे केस अधिक फुगतो, खवली उचलली जातात आणि केसाच्या पृष्ठभागावरील ऋण विद्युत्‌भार वाढून केसांचे परस्परांशी घर्षण वाढते. दुसरी अडचण पाण्याची आहे. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चोथा तयार होतो आणि तो केसांवर चिकटून बसतो. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड असते. तेथे साबणाने धुतलेले केस चिकट व निस्तेज का होतात, याचे कारण यावरून ध्यानात येईल.

सॅपोनिनांचे कार्य

शिकेकाई आणि रिठा या दोहोंची प्रक्षालनशक्ती सॅपोनिन या वर्गातील संयुगांमुळे येते. सॅपोनिनाच्या रेणूचा एक भाग शर्करेचा, म्हणून जलस्नेही असतो. दुसरा भाग तैलस्नेही असतो. या द्विविध प्रकृतीमुळे सॅपोनिने पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात तरंगत ठेवतात आणि फेस उत्पन्न करतात. जड पाण्यात साबणाप्रमाणे त्यांचा चोथा होत नाही. शिवाय दोन्ही द्रव्यांचे काढे आम्लधर्मी असतात. अर्थात साबणाच्या ज्या दोन अडचणी वर सांगितल्या, त्या दोन्ही येथे उद्भवत नाहीत.

ही दोन द्रव्ये मात्र परस्परांचे पर्याय नव्हेत. शिकेकाई ही एका काटेरी, आधाराने चढणाऱ्या वेलीची शेंग होय. वनस्पतिशास्त्रात ही वेल अकेशिया कॉन्सिना या नावाने परिचित असून अलीकडील वर्गीकरणात तिचा समावेश सेनेगालिया या प्रजातीत होतो. नावातील 'काई' हा अंश फळ किंवा शेंग या अर्थाच्या द्राविडी 'काय्' या शब्दाचा आहे. शिकेकाईचा फेस थोडा आणि प्रक्षालन सौम्य असते. रिठा हे सॅपिंडस प्रजातीतील वृक्षांचे फळ होय. दक्षिणेत सॅपिंडस ट्रायफोलिएटस, तर हिमालयाच्या पायथ्याकडे सॅपिंडस मुकोरोसी ही जाती आढळते. त्याचे 'फेनिल' हे संस्कृत नाव अन्वर्थक आहे. सॅपोनिने रिठ्याच्या गरयुक्त सालीत असतात. आतील काळी कठीण बी या कामी निरुपयोगी असून ती काढून टाकावी. रिठ्याचा फेस विपुल व प्रक्षालन तीव्र असते. रेशमी वस्त्रे धुण्यासाठी आणि सोनारांकडे दागिने उजळण्यासाठी तो वापरला जातो तो याच गुणामुळे. नुसत्या रिठ्याने वारंवार न्हाल्यास केस कोरडे पडतात.

येथे एका गैरसमजाचा निरास करणे अवश्य आहे. फेस हे स्वच्छतेचे माप नव्हे. केसांवर तेल असेपर्यंत सॅपोनिने ते काढण्यात गुंतलेली असतात आणि फेस मोडतो. पहिल्या हातात फेस न येता दुसऱ्या हातात तो येतो, याचा अर्थ एवढाच की तेल बरेचसे निघून गेले आहे. शिकेकाईस फेस येत नाही म्हणून ती टाकाऊ ठरविणे हे बाटलीतील शांपूच्या सवयीचे फळ होय.

साहाय्यक द्रव्ये

काढ्यात जी इतर द्रव्ये घालण्याचा प्रघात आहे त्यांचे तीन गट पाडता येतात. पहिला गट बुळबुळीत द्रव्यांचा : मेथी, जवस, जास्वंदीची पाने व फुले, कोरफड. यांतील श्लेष्मल शर्करामय पदार्थ केसांवर पातळ थर धरतात आणि केस विंचरणे सुकर होते. दुसरा गट तुरट द्रव्यांचा असून त्यात आवळकाठी प्रमुख आहे. तिच्यातील टॅनिने लोहाशी संयोग पावून काळसर रंग धरतात. आवळा लोखंडी कढईत रात्रभर भिजविण्याच्या प्रघाताचे कारण हेच होय. रंग नको असेल तर आवळा लोखंडाच्या भांड्यात भिजवू नये. तिसरा गट नागरमोथा, कपूरकाचरी, संत्र्याची वाळलेली साल अशा सुगंधी द्रव्यांचा आहे. ती सुवासासाठी घालावयाची; प्रक्षालनात त्यांचा वाटा गौण असतो.

काढ्याची कृती

एका वेळेस सुमारे ३० ग्रॅम कोरडी द्रव्ये आणि अर्धा लिटर पाणी पुरते. शिकेकाईच्या शेंगा मोडून, रिठ्याची बी काढून, दोन्ही द्रव्ये रात्रभर भिजत घालावीत. सकाळी मंद आचेवर १० ते १५ मिनिटे उकळून, कोमट झाल्यावर हाताने कुस्करून, दुहेरी मलमलीतून गाळून घ्यावीत. मेथी घालावयाची असल्यास ती निराळी भिजवून तिचे दाट पाणी गाळलेल्या काढ्यात मिसळावे. जवस एक मोठा चमचा घेऊन दोन कप पाण्यात उकळावे आणि पाणी अंड्याच्या बलकाभोवतालच्या पांढऱ्यासारखे दाटसर होताच गरम असतानाच गाळावे. निवल्यावर ते गाळणे कठीण जाते.

शिकेकाईची पूड थेट केसांस चोळणे सोयीचे वाटते. परंतु पुडीचे खरखरीत कण लांब केसांत अडकतात व घर्षणाने खवल्यांना इजा करतात. म्हणून गाळलेला काढाच श्रेयस्कर होय. तो थोडा थोडा टाळूवर घालून बोटांच्या पेरांनी चोळावा; केसांची लांबी खाली ओघळणाऱ्या काढ्यानेच पुरेशी स्वच्छ होते. शेवटी भरपूर कोमट पाण्याने केस धुवावेत.

केसांच्या प्रकृतीनुसार योजना

पुढील प्रमाणे वजनी असून अनुभवाने ती कमीजास्त करावयाची आहेत.

तेलकट टाळू : शिकेकाई २ भाग, रिठ्याची साल २ भाग, आवळकाठी १ भाग. आठवड्यातून दोनदा न्हाण्यास हरकत नाही. बुळबुळीत द्रव्ये घालू नयेत.

मध्यम प्रकृती : शिकेकाई ३ भाग, रिठ्याची साल १ भाग, आवळकाठी १ भाग.

कोरडे केस : शिकेकाई ३ भाग, मेथी १ भाग. रिठा वर्ज्य करावा.

कुरळे केस : केसांच्या वळणांमुळे टाळूवरील सीबम टोकापर्यंत सहजी उतरत नाही. त्यामुळे असे केस स्वभावतःच कोरडे असतात. शिकेकाईचा पातळ काढा टाळूपुरता वापरावा आणि केस धुतल्यावर ओलसर असतानाच जवसाचे दाट पाणी लांबीस लावावे.

पातळ व मऊ केस : शिकेकाई २ भाग, रिठ्याची साल १ भाग, पाणी दीडपट घ्यावे. बुळबुळीत थराच्या भाराने असे केस चपटे बसतात, म्हणून तो टाळावा.

पांढरे किंवा रंगविलेले केस : शिकेकाई व आवळा यांनी पांढऱ्या केसांवर तपकिरी छटा येऊ शकते, तसेच लावलेला रंगही बदलू शकतो. आधी मागच्या बाजूच्या एका बटेवर प्रयोग करून पाहावा.

तेलाचे स्थान

जुन्या क्रमात तेल हे न्हाण्यापूर्वी लावले जाई, ही बाब विशेष विचारार्ह आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधक रेले व मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल व खनिज तेल यांची तुलना केली. केसांतून होणारा प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीय प्रमाणात कमी करण्याचा गुण त्यांना केवळ खोबरेलात आढळला. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ साखळीचा असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकते, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. ही कंपनी स्वतः खोबरेल तेलाचा व्यापार करते, हे ध्यानात ठेवावे. तथापि ही उपपत्ती जुन्या क्रमाशी जुळते. तेल केसाचे रक्षण करते, सौम्य सॅपोनिने वरचे तेल काढतात आणि आम्लधर्मी काढ्यामुळे खवली मिटलेली राहतात. या साखळीतील एक दुवा काढला की उरलेल्यांस दोष येतो. कोरड्या केसांवर तेलाविना रिठा वापरल्यास केस राठ होतात. उलट वाटीभर तेल चोपडून सौम्य शिकेकाईने न्हाल्यास केस चिकट राहतात. एक-दोन चमचे तेल पुरेसे असते.

मर्यादा व सावधगिरी

सॅपोनिने डोळ्यांत गेल्यास तीव्र आग होते. लहान मुलांच्या बाबतीत रिठा टाळणेच शहाणपणाचे. ज्या गुणामुळे सॅपोनिने तेल सोडवितात, त्याच गुणामुळे ती सजीव पेशींच्या आवरणासही बाधा करतात. रिठा पाण्यात टाकला असता मासे मरतात तो याच कारणाने. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, या समजुतीस याहून स्पष्ट उत्तर नको. कोणतेही नवे द्रव्य प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. शर्करायुक्त काढा लवकर आंबतो व त्यावर बुरशी येते. तो त्याच दिवशी वापरावा. शीतकपाटातही दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये. बाजारी शांपूतील परिरक्षक द्रव्यांची निंदा करताना ती ज्या गरजेपोटी आली ती गरज विसरता येत नाही. खाण्याचा सोडा अल्कधर्मी असल्याने तो काढ्यात घालणे म्हणजे काढ्याचा मुख्य लाभ गमावणे होय. कोंड्याचा संबंध मालासेझिया या सूक्ष्म कवकाशी असतो. काढ्याने टाळू स्वच्छ राहील, पण चिवट कोंड्यावर तो उपचार नव्हे. त्यासाठी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

घरगुती पद्धतीचे मूल्यमापन करण्यास मोठ्या सामग्रीची गरज नाही. निरनिराळ्या प्रमाणांतील काढ्यांचा पीएच मोजणे, मोजपात्रात तेलासह व तेलाविना फेसाची उंची पाहणे, मृदू व जड पाण्यातील फरक नोंदणे, आणि वजन केलेल्या तेलाने माखलेल्या केसांच्या बटा धुऊन शिल्लक तेल ठरविणे, हे प्रयोग कोणत्याही पदव्युत्तर प्रयोगशाळेत होऊ शकतात. वर दिलेली प्रमाणे घरोघरीच्या वहिवाटीवर व सामान्य रासायनिक तत्त्वांवर आधारलेली आहेत. ती मोजमापाच्या कसोटीस उतरतात की बदलावी लागतात, हे अशा प्रयोगांनीच ठरेल.