बाथटब काढताय? आधी ओल पाहा

न्हाणीघरातला जुना बाथटब काढून शॉवर बसवला, तर फ्लॅट विकताना चार पैसे जास्त मिळतील का? टबासाठी गिऱ्हाईक भाव वाढवून देईल, ही आशा तरी सोडाच. आपल्याकडे टब बहुधा कपडे भिजवायला नाहीतर पाणी साठवायलाच कामी येतो! तो भरायला दीडशे लिटरच्या आसपास पाणी लागते. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पुरावे, असे सरकारी प्रमाण आहे. शिवाय गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना त्याची कड ओलांडणे जिवावर येते.

पण खरी मेख फरशीखाली आहे. टब उचलताना जुने वॉटरप्रूफिंग फुटू शकते. ते नव्याने न करता टाइल्स बसवल्या, तर खालच्या घराच्या छताला ओल येते. मग शेजाऱ्यांशी तंटा सुरू, आणि ते कळताच गिऱ्हाईक भाव पाडते. म्हणून सोसायटीची लेखी परवानगी घ्या. टाइल्सआधी जाळीचे तोंड बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खाली जाऊन छत स्वतः पाहा. कारागीर कुरकुरेल, कुरकुरू द्या. कामाचे फोटो व बिले गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी जपून ठेवा.