तांबड्या समुद्रांत बुडी घेण्यापूर्वीं

मिसर देशांतील हुर्घाडा बंदराहून आठवड्याच्या मुदतीनें कांहीं विशेष बोटी तांबड्या समुद्रांत जात असतात. त्यांवरील उतारू बोटीवरच जेवतात व निजतात, आणि पाठीवर हवेची टाकी बांधून दिवसांतून तीन-चार वेळां पाण्यांत उतरतात. पोंवळ्यांच्या भिंती, माशांचे थवे, आणि १९४१ सालच्या ऑक्टोबरांत जर्मन विमानांनीं बुडविलेली ‘थिसलगॉर्म’ ही इंग्रज मालवाहू बोट पाहावयास देशोदेशींचे लोक येथें येतात. त्या बोटीच्या पोटांत मोटारसायकली, लष्करी लॉऱ्या आणि बुटांचे ढीग अद्यापि पडून आहेत. असा प्रवास करूं इच्छिणारा ‘बरोबर काय काय घ्यावें?’ हें प्रथम विचारतो. तें आपण मागाहून पाहूं. कारण खरी तयारी पिशवींत भरतां येत नाहीं.

बॉईलचा नियम आपण शाळेंत पाठ करतों. पाणबुड्यास तो अंगावर अनुभवावा लागतो. समुद्रांत दर दहा मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. थिसलगॉर्म सुमारें ३० मीटरांवर टेकलेली आहे. म्हणजे तेथें दाब चौपट, आणि श्वासास हवाहि चौपट लागते. पृष्ठभागावर दोन तास पुरणारी टाकी तेथें अर्ध्या तासांत रिकामी होते. उलट वर येतांना तीच हवा फुगूं लागते. म्हणून श्वास कोंडून वर येणें हा या विद्येंतील सर्वांत मोठा अपराध होय. त्यानें फुप्फुस फाटतें, व हा प्रसंग अवघ्या दोन मीटर पाण्यांतूनहि ओढवूं शकतो.

दुसरा शत्रु याहून गुप्त आहे. दाबाखालीं हवेंतील नायट्रोजन रक्तांत व मेदांत विरघळतो. सोड्याची बाटली एकदम उघडली असतां बुडबुडे उसळतात, तसाच प्रकार घाईनें वर येणाराच्या शरीरांत घडतो. सांधे ठणकतात, कधीं अंग लुळें पडतें. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधीत असतां दाबलेल्या हवेच्या पेट्यांत काम करणाऱ्या मजुरांस हा विकार जडला, आणि १८७२ सालीं मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोब्लिंग याचीहि प्रकृति त्यानेंच ढासळली. पुढें १९०८ सालीं हॉल्डेन या शास्त्रज्ञानें बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्यानें वर येण्याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. आज मनगटावरचा छोटा संगणक तसलेंच गणित क्षणोक्षणीं करीत असतो. मिनिटास नऊ मीटरांहून अधिक वेगानें वर येऊं नये, व पांच मीटरांवर तीन मिनिटें थांबावें, हा सर्वमान्य परिपाठ आहे.

एका दिवसाची बुडी आणि सात दिवसांचा प्रवास यांतील भेद येथें आहे. रात्रभराच्या विश्रांतीनेंहि सर्व नायट्रोजन बाहेर पडतोच असें नाहीं. उरलेल्यावर दुसऱ्या दिवसाची भर पडते. म्हणून दिवसाची खोल बुडी आधीं घ्यावी, पाणी भरपूर प्यावें, मद्य वर्ज्य करावें, आणि थकवा वाटल्यास एखादी बुडी खुशाल सोडावी. विमानांतील हवेचा दाब जमिनीवरच्याहून कमी असतो. यास्तव अशा प्रवासांतील शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास विमानांत बसूं नये. म्हणजे तयारीचा आरंभ परतीच्या तिकिटापासून होतो!

सर्दी झाली असतां नाक धरून हळूच फुंकलें तरी कान मोकळे होत नाहींत. तशा स्थितींत उतरल्यास पडदा फाटण्याचें भय असतें. पैसे भरले आहेत म्हणून औषध घेऊन उतरणारे लोक भेटतात. औषधाचा अंमल पाण्याखालीं ओसरला, तर वर येणेंच कठीण होतें. ज्यास वर्षभर सराव नसेल त्यानें निघण्यापूर्वीं उथळ पाण्यांत उजळणी करावी. आपल्या मालवणजवळ तारकर्ली येथेंहि या विद्येचें शिक्षण मिळतें.

बोटीवर पाऊल टाकतांच, सामान सोडण्याआधीं, निजण्याच्या जागेंतून बाहेर पडण्याच्या वाटा पायांनीं चालून पाहाव्या. २०१९ सालच्या २ सप्टेंबरच्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ नांवाच्या अशाच एका बोटीस आग लागून खालीं निजलेलीं ३४ माणसें मृत्यु पावलीं. वाटा दोन होत्या. परंतु दोन्ही एकाच दालनांत निघत, आणि तेंच पेटलें होतें. रात्रीं फिरता पहाराहि नव्हता. पहारा कोण करतो, हें विचारण्यांत कसलाहि संकोच नसावा.

आतां सामान. खोली लहान असते, तेव्हां ट्रंक नको, घडी होणारी कापडी पिशवी बरी. डोळ्यांवरचा मुखवटा व त्याचे पट्टे जादा घ्यावे. भर समुद्रांत दुकान नाहीं. बोट लागण्यावरचें औषध घरींच एकदां घेऊन पाहावें, कारण कित्येकांस त्यानें गुंगी येते. हिवाळ्यांत पाणी बरेंच गार असतें, म्हणून रबरी पोशाख जाड हवा. बूट मात्र साधेच असूं द्यावे. चढतांच ते टोपलींत जातात आणि बहुधा आठवडाभर दिसत नाहींत. ‘ब्रदर्स’ बेटांपाशीं प्रवाह जोराचा असतो व पाणबुडा बोटीपासून दूर वाहवत जाऊं शकतो. लाटांत माणसाचें डोकें दुरून दिसत नाहीं. यासाठीं फुगवितां येणारी नारिंगी नळी व शिटी प्रत्येकानें स्वतःच्या अंगावर बाळगावी, सोबत्याच्या नव्हे.