घंटागाडी आली नाही तर?

प्रतिकारशक्ती जन्मतःच लंगडी असेल, तर ती स्वतःच्याच शरीरावर कशी उलटेल? पण उलटते. रक्तातलं 'सी१क्यू' हे प्रथिन घ्या. ते जंतूंना चिकटून पुढची फौज बोलावतं. शिवाय मेलेल्या पेशी उचलणारी घंटागाडीही तेच. जनुकीय दोषामुळे ते बनलंच नाही, तर जंतुसंसर्ग पाठ सोडत नाहीत आणि पेशींचे अवशेष साचतात. त्यातल्या डीएनएसारख्या घटकांनाच शत्रू समजून शरीर प्रतिपिंडं तयार करतं. हाच ल्यूपस: गालांवर लाल चट्टे, मूत्रपिंडाला सूज. एरवी हा आजार मुख्यतः तरुण बायकांचा; इथे लहान मुलगेही सुटत नाहीत. सी१क्यू बनवणाऱ्या पेशी अस्थिमज्जेतून येतात, म्हणून मज्जारोपणाने काही रुग्ण बरे झाले आहेत. लहानग्याला ल्यूपस झालाच, तर डॉक्टरांना जनुकतपासणीबद्दल जरूर विचारा.