लॉ कॉलेज रस्त्यावरचा चित्रठेवा

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. प्रभात फिल्म कंपनीचा जुना स्टुडिओ, म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट, तिथून हाकेच्या अंतरावर. फेब्रुवारी १९६४ मध्ये हे संग्रहालय सुरू झाले. चित्रपट मिळवायचे, टिकवायचे आणि लोकांना दाखवायचे, हे त्याचे काम.

त्याला आकार दिला पी. के. नायर यांनी. १९६५ मध्ये ते येथे रुजू झाले आणि १९९१ मध्ये संचालकपदावरून निवृत्त झाले. चित्रपटाची प्रतवारी पुढच्या पिढ्या करतील, आपण आधी तो वाचवावा, ही त्यांची भूमिका. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे उरलेले भाग आणि 'कालिया मर्दन' आज पाहायला मिळतात, ते या ध्यासामुळे. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले, उरले मोजकेच. पहिला बोलपट 'आलम आरा' तर कायमचा हरवला.

चित्रपट मरतो तो बहुधा डब्यातच. १९५० च्या सुमारापर्यंत वापरात असलेली नायट्रेटची फिल्म भडकन पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील भांडाराला आग लागली आणि संग्रहालयाचा अनमोल नायट्रेट ठेवा भस्मसात झाला. नंतरची अॅसिटेट फिल्म तशी सहज पेट घेत नाही, पण उष्ण, दमट हवेत आतून कुजते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास नाकात शिरतो. फिल्म आक्रसते, वेटोळे वाकडे होते.

म्हणून आलेले रीळ आधी तपासणीच्या टेबलावर जाते. सुती हातमोजे घालून तंत्रज्ञ ते हळूहळू गुंडाळत नेतो. कडेची फाटलेली छिद्रे, सुटलेले जोड, ओरखडे, बुरशी पाहतो. दुरुस्ती आणि सफाई झाली की रीळ थंड, कोरड्या भांडारात ठेवले जाते. रंगीत फिल्मला कृष्णधवलपेक्षाही अधिक गारवा लागतो, कारण तिचे रंग उडतात. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत आता जुन्या चित्रपटांची डिजिटल पुनर्स्थापना चालते. येथे नवे रूप मिळालेला सत्यजित राय यांचा 'प्रतिद्वंद्वी' २०२२ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला.

पण नुसते जपून भागत नाही. फिल्म इन्स्टिट्यूटबरोबरचा चित्रपट रसास्वाद वर्ग, संग्रहालयाच्या प्रेक्षागृहातील खेळ आणि महोत्सव यांनी चित्रपट जाणतेपणाने पाहणाऱ्या कित्येक पिढ्या घडवल्या. पोस्टर, छायाचित्रे, पटकथा, गाण्यांच्या चोपड्या अभ्यासकांना येथे मिळतात. २०१९ मध्ये संग्रहातून महात्मा गांधींच्या दुर्मीळ चित्रणाची तीस रिळे उजेडात आली.

ही बातमी रायगडकरांनी विशेष मनावर घ्यावी. गांधीजींचे अनुयायी विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणजे पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक. १९५१ पासून विनोबा भूदानासाठी गावोगाव चालले. त्या काळातले एखादे हौशी चित्रण कोकणातल्या कुणाच्या माळ्यावर पडून असेल, तर इथल्या पावसाळी दमट हवेत त्याचा निभाव लागणे कठीण. घरात जुने रीळ असेल तर ते स्वतः प्रोजेक्टरवर चढवू नका, भंगारात तर मुळीच घालू नका. संग्रहालयाला कळवा. एका घराची आठवण तिथे साऱ्या समाजाचा इतिहास होऊ शकते.