संकुचित चकती आणि थबकलेला संगणक

संगणक काम करता करता मध्येच थबकतो, कळफलकाला दाद देत नाही. चकतीचा दिवा मात्र लुकलुकत राहतो. असा संगणक बंद पडलेला नसतो, तो खोळंबलेला असतो. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ जबलपूरच्या भर बाजारपेठेत उभारलेल्या कमानिया गेटखाली एखादी गाडी अडली, तर मागचा सारा रस्ता तुंबेल. दुकाने मात्र उघडीच राहतील. चकतीवरील अवाच्य जागा ही अशीच अडलेली गाडी होय. यंत्र तीच जागा पुनःपुन्हा वाचू पाहते आणि एका वेळी एकच काम करणारी डॉससारखी प्रणाली तोवर थांबून राहते.

संकुचित चकतीवर हा दोष अधिक महागात पडतो. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस ६ बरोबर डबलस्पेस आले, पुढे ड्राइव्हस्पेस आले. त्यांच्या योगे चकतीवर जवळजवळ दुप्पट मजकूर मावू लागला. वापरणाऱ्यास जी स्वतंत्र चकती भासते, ती वस्तुतः मूळ चकतीवरील एकच प्रचंड, लपवलेली फाईल असते. साध्या चकतीवर ५१२ बाइटांचा एक खंड बिघडला, तर बहुधा तेवढाच मजकूर जातो. डबलस्पेसमध्ये मात्र ८ किलोबाइटांचा गट एकत्र दाबलेला असतो. त्यातील एक खंड अवाच्य झाला, की पुढील मजकूर उलगडणेच अशक्य होते. बिघाड गटांच्या नोंदतक्त्यात असेल, तर अनेक फायलींचा ठावठिकाणा हरवतो.

म्हणून उपायांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. दुरुस्तीपूर्वी प्रत घ्यावी. प्रबंध, हिशेब, शब्दकोशाच्या नोंदी अशा पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टी प्रथम. शक्य असल्यास संपूर्ण मूळ चकतीची खंडशः प्रतिकृती दुसऱ्या चकतीवर काढावी, अवाच्य खंड रिकामे सोडावेत आणि पुढील प्रयोग त्या प्रतिकृतीवरच करावेत. त्यानंतर स्कॅनडिस्कने आधी मूळ व मग संकुचित चकती तपासावी. फायलींची फेरमांडणी करणारा कार्यक्रम या अवस्थेत चालवू नये; तो दुर्बळ चकतीवर वाचनलेखनाचा भार वाढवतो.

विंडोज एक्सपी व त्यापुढील आवृत्त्या ड्राइव्हस्पेसच्या चकत्या उघडीत नाहीत. जुन्या चकत्यांवरील मराठी लेखन वाचवायचे असेल, तर ती चकती वाचता येते आहे तोवरच तिचा मजकूर साध्या, असंकुचित स्वरूपात उतरवून घेणे इष्ट होय.