‘आय ॲम नॉट नोइंग’ येतं कुठून?

पुणे-सातारा महामार्गावर नसरापूरला वळायचं तर चेलाडी फाटा लागतो. राजगड-तोरण्याकडे निघालेली मंडळी इथंच रस्ता विचारतात. विचारणारा परप्रांतातला निघाला, की एखादं उत्तर असं येतं : ‘आय ॲम नॉट नोइंग, आस्क हिम.’ पाहुण्याला कळतं, तो शेजारच्या टपरीकडे वळतो. काम झालं! शाळेच्या पेपरात मात्र याच वाक्याखाली लाल रेघ पडते.

इंग्रजीच्या लेखी ‘नो’ ही क्रिया नव्हे, स्थिती. म्हणून नुसतं ‘आय नो’. पोरांकडून ‘नो, ओन, लाइक, बिलाँग’ अशी यादी घोकून घेतली जाते. यादी पाठ होते, चूक जागची हलत नाही.

कारण ती मराठीतून येते. ‘मी जातो’चा नकार ‘मी जात नाही’, ‘मला कळतं’चा ‘मला कळत नाही’. आत्ताचं सांगायला ‘जात नाहीये’ आहे, पण रोजच्या सवयीच्या नकारातही ‘जात’ हे ‘गोइंग’सारखं वाटणारं रूप असतंच. त्यात ‘आहे’ म्हणजे ‘ॲम, इज, आर’ हे पहिल्यापासून डोक्यात बसलेलं. मग ‘मला माहीत आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’ यांतल्या ‘आहे’ला इंग्रजीत जागा द्यायला नको? ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ तिथं जन्मतं.

ही लकब मराठी माणसापुरती नाही, देशभर ऐकू येते. मुंबईचे कवी निसीम इझिकेल यांनी मिस पुष्पा टी. एस. यांच्या निरोपाची आख्खी कविता याच इंग्रजीत रचली. इझिकेल बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेण्यातही त्यांचा हात होता.

खुद्द इंग्रजीही नियमाला घट्ट धरून नाही. मॅकडोनाल्ड्सनं 2003 साली ‘आय ॲम लव्हिंग इट’ जगभर वाजवलं.

यादीपेक्षा एक प्रश्न बरा : हे सुरू होऊन थोड्या वेळानं संपणारं आहे का? जेवण संपतं, म्हणून ‘आय ॲम हॅविंग लंच’ चोख. भाऊ संपत नाहीत. आणि सातबाऱ्यावरची जमीन? तिचा दावा कोर्टात वर्षानुवर्षं चालू असला, तरी ती काकांची असेल तर इंग्रजीत ‘बिलाँग्ज’च म्हणायचं.